कास्थी, कूर्चा, उपास्थी, तरुणास्थी: स्लाइडवर दिसतं त्याला म्हणायचं काय?

प्रश्न

मुलगी इथेच पुण्यात बीएएमएसच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी अभ्यास करताना मला शेजारी बसवून मराठीतून समजावून सांगते, तेवढीच तिची उजळणी. तिच्या संस्कृतच्या वहीत तरुणास्थि आहे, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात कास्थी होतं, तिच्या इंदूरच्या रूममेटच्या नोट्समध्ये उपास्थि, आणि माझ्या गुडघ्याबद्दल डॉक्टर कूर्चा झिजली म्हणाले. हे सगळं एकच का? प्रॅक्टिकलला कार्टिलेज, हाड, जठर, आतडी यांच्या स्लाइड ओळखायच्या आहेत, तर मराठीत कुठला शब्द धरावा? आणि आमाशय म्हणजे जठरच ना?

प्रतिसाद

हो ताई, चारही शब्द कार्टिलेजसाठीच वापरतात. मी ऊतिशास्त्राची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती ओळखण्याची, प्रॅक्टिकल घेते आणि माझं मत स्पष्ट आहे, मराठीत बोलताना कूर्चा म्हणा. कास्थी चुकीचा नाही, पण अस्थी आणि कास्थी एका दमात बोलून बघा, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मुलं घाईत बोलतात तेव्हा ऐकणाऱ्याला पहिलं अक्षर ऐकूच येत नाही, आणि ज्या दोन ऊती वेगळ्या ओळखता येतात का हेच तपासायचंय त्यांचीच नावं इतकी सारखी असून कसं चालेल.

पण तुमची मुलगी आयुर्वेदाची आहे म्हणून एक इशारा. सुश्रुतसंहितेत कूर्च हा शब्द आहे आणि तो कार्टिलेज नाही. तिथे सहा कूर्च सांगितलेत, हातांचे दोन, पायांचे दोन, मानेचा एक आणि शिश्नाचा एक, शिवाय कूर्च नावाचं मर्म, म्हणजे शरीरातली नाजूक जागा, तीही आहे. म्हणून संहितेच्या पेपरात तरुणास्थिच लिहायचं. सुश्रुतानं हाडांचे पाच प्रकार केले, कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक, आणि त्यातली तरुण हाडं नाक, कान, मान आणि डोळ्यांभोवती असतात असं सांगितलं. रुचक म्हणजे दात. दात आणि कूर्चा दोन्ही हाडांत धरले म्हणून त्याची बेरीज ३०० होते, आपण आज मोठ्या माणसात २०६ म्हणतो. तरुण हे नाव मला फार आवडतं, कारण गर्भात हातापायांची लांब हाडं आधी कूर्चेचीच असतात आणि मग हळूहळू त्यांचं हाड होतं. नाकाच्या शेंड्याची आणि कानाची मात्र म्हातारपणीसुद्धा कूर्चाच राहते.

आता स्लाइड. आधी लो पॉवरवर बघायचं, मुलं थेट हाय पॉवर लावतात आणि मग हरवतात. श्वासनलिकेच्या स्लाइडमध्ये निळसर जांभळट, काचेसारखं एकजीव आधारद्रव्य दिसतं, ती हायलाइन म्हणजे काचाभ कूर्चा. पेशी खळग्यांत दोन-दोन चार-चारच्या गटात बसलेल्या, आत रक्तवाहिनी नाही. तंतू तिच्यातही असतात पण ते इतके बारीक की साध्या स्टेनमध्ये, म्हणजे स्लाइडला दिलेल्या रंगात, वेगळे दिसत नाहीत. कानाच्या पाळीच्या वरचा भाग किंवा एपिग्लॉटिस म्हणजे श्वासनलिकेवरचं झाकण घेतलं तर लवचिक कूर्चा, तिचे तंतू नीट बघायला ऑर्सीन किंवा व्हेरहॉफसारखा खास स्टेन लागतो. तिसरी तंतुमय कूर्चा, तिच्यात कोलॅजनचे गुलाबी लहरदार जुडगे आणि त्यांच्या मधे रांगेनं पेशी. आपण मणक्यातली गादी सरकली म्हणतो ना, ती गादी या तिसऱ्या प्रकारात येते.

हाडाच्या स्लाइड दोन तऱ्हेच्या येतात आणि गोंधळ तिथेच होतो. घासून पातळ केलेल्या वाळक्या हाडात पेशी उरलेल्याच नसतात, त्यांचे खळगे काळे दिसतात कारण आत हवा अडकलेली असते, त्याला पेशीचं केंद्रक समजायचं नाही. दुसरी ॲसिडनं कॅल्शियम काढून केलेली, ती गुलाबी आणि तिच्यात पेशी शाबूत. टणक हाड असेल तर दोन्हींत मधे नलिका आणि भोवती वर्तुळं वर्तुळं, ही नलिका क्लॉप्टन हॅवर्स या इंग्लिश डॉक्टरच्या १६९१ च्या पुस्तकावरून हॅवर्सची म्हणतात. हा, आणि या खळग्यांना काही मुलं रिक्तिका लिहितात. लिहू नका, रिक्तिका आपल्याकडे पेशीच्या आतल्या व्हॅक्युओलला रुळलाय. खळगा म्हणा नाहीतर सरळ लॅक्युना.

खरा घोळ पेशी या शब्दाचा आहे. मराठीत पेशी म्हणजे सेल. हिंदीत पेशी म्हणजे मसल, सेल म्हणजे कोशिका. सुश्रुताच्या ५०० पेशीसुद्धा मसलच, आणि त्याचे ९०० स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर, आपले मराठी स्नायू नाहीत. म्हणजे आतड्याच्या भिंतीतल्या ज्या थराला आपण अरेखित स्नायू म्हणतो तो रूममेटच्या वहीत पेशी म्हणून असणार, आणि वही जशीच्या तशी उतरवली तर उत्तरच बदलतं. मुलीला म्हणावं, वही कोणत्या भाषेतली ते आधी बघ.

आमाशय हिंदीत जठरच, पण मराठी उत्तरात जठर लिहावं, आणि स्वादुपिंडाला अग्न्याशय नको. आयुर्वेदाच्या पेपरात आमाशय-पक्वाशय त्यांच्या अर्थानं येतील. स्लाइडवर मात्र नावापेक्षा थर बघायचे. आतून बाहेर चार थर सगळीकडे, आणि फरक मुख्यतः आतल्या दोनांत. अन्ननलिकेत अभिस्तर ऊतीचे थरावर थर चपट्या पेशींचे. जठरात खोल खड्डे आणि खाली ग्रंथी दाटीवाटीनं, त्यात गुलाबी पेशी ॲसिडच्या आणि जांभळट पेशी पेप्सिनोजेन या पाचकद्रव्याच्या. लहान आतड्यात बोटांसारखे उंचवटे, म्हणजे विलाय. विलायांच्या खाली दुसऱ्या थरात ब्रुनरच्या ग्रंथी दिसल्या की आद्यांत्र म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, लिम्फॉइड ऊतीचे मोठे पुंजके म्हणजे पायर्स पॅच दिसले की शेषांत्र म्हणजे शेवटचा, दोन्ही नसतील तर मध्यांत्र म्हणजे मधला. मोठ्या आतड्यात विलाय नाहीतच, सरळ उभ्या ग्रंथी आणि त्यात श्लेष्मा सोडणाऱ्या गॉब्लेट पेशींची गर्दी.

दुसरा प्रतिसाद

मॅडम, छान लिहिलंय. आमच्या घरी रविवारी वजडी असते, त्यात एक भाग टर्किश टॉवेलसारखा खरखरीत असतो. ते बोकडाचं जठर की आतडं? आणि काळीज नक्की कशाला म्हणायचं, मटणवाला कलेजीला काळीज म्हणतो आणि आई म्हणते काळीज म्हणजे हृदय.

प्रतिसाद

आई आणि मटणवाला दोघंही बरोबर आहेत दादा, मराठीत काळीज हृदयालाही म्हणतात आणि यकृतालाही, म्हणून परीक्षेत तो शब्द नको, यकृत लिहा. आणि यकृताची स्लाइड षटकोनी खणांची दिसते असं पाठ केलेलं असतं, ते डुकराच्या यकृतात ठळक असतं कारण खणांमधे संयोजी ऊतीच्या भिंती असतात. माणसाच्या यकृतात त्या स्पष्ट नसतात, तिथे मधली शीर आणि कोपऱ्यातल्या तीन नळ्यांचा जुडगा यावरून खण मनानं आखावा लागतो.

तुमचा टॉवेल म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार कप्प्यांपैकी पहिला, रुमेन. वजडीत जठर आणि आतडी दोन्ही असतात. गंमत अशी की पहिल्या तिन्ही कप्प्यांत जठरग्रंथी नसतातच, आतून केराटिन असलेल्या चपट्या पेशींचे थर, त्यामुळे ती स्लाइड न सांगता समोर ठेवली तर चांगली मुलंसुद्धा त्वचा लिहून मोकळी होतात. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी शोधायच्या, त्या नाहीत आणि खाली स्नायूंचे जाड थर आहेत म्हटल्यावर त्वचा नाही. आपल्या जठराशी जुळतो तो फक्त चौथा कप्पा.