बाबांना कंपवाताच्या औषध-चाचणीत जाऊ द्यावं का?

अबोली_७:

बाबा ६८ वर्षांचे. कंपवाताचं निदान होऊन चार वर्षं झाली, लेव्होडोपा दिवसातून चार वेळा. उजवा हात थरथरतो आणि आवाज इतका खोल गेलाय की फोनवर माणसं "हॅलो, हॅलो" करून ठेवून देतात. परवा त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टनी एका चाचणीबद्दल सांगितलं. रोगाचा वेग कमी करू शकेल असं नवं औषध, ५२ आठवडे. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना प्लासिबो, आणि कोणाला काय मिळालंय हे डॉक्टरांनाही कळणार नाही. संमतीपत्र २२ पानांचं आहे.

आई म्हणते, यांच्यावर कसलेही प्रयोग करायचे नाहीत. भाऊ म्हणतो, नवीन औषध फुकट मिळतंय, सोडू नका. बाबा काहीच म्हणत नाहीत. वर्षभर खोट्या गोळीवर राहिले आणि तेवढ्यात रोग वाढला तर? कोणी स्वतः अशा चाचणीत गेलं असेल तर खरं काय ते सांगा.

खडू_फळा:

मी गेलो होतो. वय ७१, निवृत्त गणितशिक्षक, रोगाचं नववं वर्ष. हे बोलून टाइप करतोय, तेव्हा शुद्धलेखन माझं समजू नका.

आधी तुमची भीती. प्लासिबो म्हणजे बाबांची लेव्होडोपा बंद असं नव्हे. माझ्या गोळ्या होत्या तशाच चालू होत्या, चाचणीची एक त्यांच्यावर वाढली. बाबांच्या कागदात हे कुठल्या पानावर लिहिलंय ते शोधा. वर्षाच्या मध्ये डोस वाढवावा लागला तर वाढवू देतात का, तेही विचारा.

मला ज्याची कल्पना नव्हती ती गोष्ट वेगळीच. ऑफमधली, म्हणजे गोळीचा असर उतरलेला असतानाची तपासणी. आदल्या रात्रीपासून बारा तास लेव्होडोपा नाही आणि सकाळी तशाच अवस्थेत केंद्रात हजर. त्या सकाळी शर्टाची दोन बटणं लागली, तिसऱ्याला बोटं हटून बसली. बायकोने हात पुढे केला तर मी तिच्यावरच खेकसलो आणि छाती उघडी टाकून निघालो. केंद्राच्या दारात पाय जमिनीला चिकटले. अरुंद जागा, उंबरठा, दार, असं काही समोर आलं की चिकटतात. मागे दोघं-तिघं खोळंबलेले. बायको कानाशी "एक-दोन, एक-दोन" म्हणायला लागली तेव्हा कुठे पाऊल सुटलं. पस्तीस वर्षं पोरांची कवायत घेतलेला माणूस मी!

आत गेल्यावर अंगठ्यावर तर्जनी दहा वेळा आपटायची, जमेल तितकी फाकवून आणि भरभर. मग मुठी, मग टाच. मग डॉक्टर मागे उभे राहून खांदे धरून खस्सकन ओढतात, तोल सावरतो का बघायला. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, या भागाची बेरीज १३२. मला गुण द्यायची सवय, आणि इथे कमी गुण म्हणजे हुशार.

घरी डायरी. तपासणीआधीचे काही दिवस दर अर्ध्या तासाला खूण करायची: झोप, ऑफ, ऑन (गोळीचा असर चालू), ऑन पण अंग आपोआप हलतंय, आणि हलतंय ते त्रासदायक होतंय. शेवटच्या बाकावरून दिसेल असं फळ्यावर लिहायचो मी. डायरीतल्या नोंदी बायको भिंग घेऊन वाचायची. ही डायरी कंटाळवाणी आहे, पण माझा दिवस नक्की कुठे जातो ते मला तिच्यामुळेच कळलं. दुपारी तीन ते साडेचार, रोज, ऑफ.

आता गंमत. तीन महिन्यांनी माझे सहा गुण सुधारले. जिना चढायला लागलो. बायकोलाही फरक दिसत होता. चाचणी संपून कोणाला कोणती गोळी याचा कोड उघडला तेव्हा कळलं, माझी गोळी खोटी होती. दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. आपण इतके दिवस सोंग करत होतो की काय, हे डोक्यातून जाईना. मग डॉक्टरांनी सांगितलं की २००१ सालीच पेट स्कॅनवर हे दिसलेलं आहे: औषध मिळणार या अपेक्षेत असलेल्या कंपवाताच्या रुग्णाला खोटं इंजेक्शन दिलं तरी मेंदू स्वतःचं डोपामिन (या रोगात कमी पडतं ते रसायन) सोडतो. म्हणजे माझा जिना खरा होता, औषध खोटं होतं.

म्हणूनच निम्म्यांना खोटी गोळी द्यावी लागते. एक्झेनाटाइड हे मधुमेहाचं इंजेक्शन घ्या. २०१७ साली ६२ जणांवरच्या चाचणीत फायदा दिसला, आम्ही सगळे हुरळलो. मग १९४ जणांवर ९६ आठवडे मोठी चाचणी झाली. २०२५ मध्ये निकाल आला, रोगाच्या वेगावर काही परिणाम नाही. क्रिएटिन या पूरक पावडरीच्या चाचणीत तर १,७४१ जण होते, तेही मध्येच थांबवलं. तेव्हा भावाला सांगा, "नवीन औषध फुकट" हा हिशेब चुकलाय. औषध आहे की नाही, तेच ठरायचंय.

मला मिळालं काय? दर तीन महिन्यांनी कोणीतरी तासभर नीट तपासायचं. उभं राहिल्यावर रक्तदाब घसरतो हे त्यातच सापडलं. दोनदा पडलो होतो ते त्यामुळे. पुन्हा विचारलं तर जाईन. पण बटणांचा शर्ट घालणार नाही.

समन्वयक_बाई:

मी अशा चाचण्यांचं काम अकरा वर्षं करतेय (तुमची चाचणी आमच्याकडे नाही). सर, ऑफमधली तपासणी प्रत्येक चाचणीत नसते, तेव्हा अबोलीताई, हे आधीच विचारून घ्या. आणि डॉक्टरांनाही कळणार नाही हे खरं, पण जिवावर बेतलं तर कोड उघडायची सोय असते. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं, त्यासाठी नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.

घरची माणसं लपवतात ते एक सांगते. बाबांना प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारखी कंपवाताचीच दुसरी गोळी चालू असेल आणि मध्यरात्री ऑनलाइन खरेदी, पत्ते, पैसे लावणं असलं काही सुरू झालं असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. ते त्या गोळ्यांनी होऊ शकतं, माणूस बिघडलेला नसतो. २०१० साली ३,०९० रुग्ण तपासले होते, त्यांतल्या १३.६ टक्क्यांमध्ये असा काहीतरी अनावर नाद सापडला. आधी सांगितलं नाही तर पुढे खापर नव्या औषधावर फुटतं.

आणि सही बाबांची. मी आई-भाऊ-मुलगी सगळ्यांना दहा मिनिटं बाहेर बसवते. आवाज खोल असला की घरचेच वाक्य पूर्ण करायला लागतात हो!

नुसता_वाचक:

आम्ही पाचव्या महिन्यात सोडलं. बायकोला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे, प्रवासानेच ती दोन दिवस आडवी व्हायची. आम्हाला कोणी काही बोललं नाही. भेटी किती आहेत तेवढं मोजा.

अबोली_७:

सगळ्यांचे आभार. काल रात्री सरांचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. "कमी गुण म्हणजे हुशार" ला हसले. चेहऱ्यावर फारसं दिसलं नाही, खांदे हलले. मग समन्वयकताईंचं वाचून आम्ही तिघं खरंच खोलीबाहेर गेलो, संमतीपत्र आणि पेन त्यांच्याजवळ ठेवून.

वीस मिनिटांनी आत गेले तर सही नव्हती. सतराव्या पानाच्या समासात मुंग्यांसारखी एक ओळ होती. फोटो काढून मोठा केला तेव्हा लागली: "गुण आला तर ५२ आठवड्यांनंतर गोळी देणार का?"

२२ पानं मी पुन्हा वाचली. याचं उत्तर त्यात नाही. मंगळवारी जातोय. बाबा म्हणाले, हे मीच विचारणार, मध्ये बोलू नका.