पीएचडीवरचं आठ मिनिटांचं प्रहसन: सगळे हसतील, पण कुणी दुखावणार नाही असं कसं लिहावं?

चंचुपात्र:
मंडळी, रसायनशास्त्र विभागाचं स्नेहसंमेलन तीन आठवड्यांवर आलंय. आम्ही चौघं पीएचडीचे विद्यार्थी आठ मिनिटांचं प्रहसन करणार आहोत. समोर सगळे गाईड, एमएस्सीची मुलं, ऑफिसातले कर्मचारी आणि काहींचे आईवडील असतील. गाईडची नक्कल, 'डॉक्टर म्हणजे इंजेक्शन देणार का?' आणि 'लग्न कधी?' यापलीकडे काही सुचत नाहीये. विनोद कुठून काढावेत? संहिता केवढी असावी?

कॉलमवाला:
ती तिन्ही आधी काढून टाका, दरवर्षी कुणी ना कुणी करतंच. लॅबमधलं नेमकं जे बिघडतं ते जसंच्या तसं दाखवा, हसू तिथे आहे.

एनएमआर घ्या, म्हणजे संयुग कोणतं ते ओळखायची चाचणी. तीन दिवस खपून कॉलम (सिलिकाची भुकटी भरलेल्या नळीतून मिश्रण वेगळं करणं) झाला, रोटाव्हॅप या यंत्रावर सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक, उडवला, सॅम्पल दिलं. स्पेक्ट्रम, म्हणजे निकालाचा आलेख, इतका स्वच्छ येतो की पोरगा पेढे आणायला निघतो. मैत्रीण फक्त आकडे वाचते: "४.१२... २.०५... १.२६." इथे दोन सेकंद कुणीही बोलायचं नाही. रसायनवाले तिसऱ्या आकड्याआधीच हसतील, कारण सीडीसीएल-३मध्ये (सॅम्पल ज्यात विरघळवतात ते द्रव) हे इथाइल ॲसिटेट या सॉल्व्हंटचे पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे. संयुगाचा पत्ता नाही, पुरता न उडालेला सॉल्व्हंटच तेवढा दिसतोय. ते हसू ओसरू द्या आणि मग आईवडिलांसाठी पुढचं वाक्य टाका: "म्हणजे लग्नाच्या फोटोत मांडव आलाय, नवरानवरी नाहीत." घाई केलीत तर दोन्ही हशे एकमेकांत बुडतील.

दुसरा प्रसंग कॉलम कोरडा पडण्याचा. कॉलम चालू असताना मावशीचा फोन येतो. तो काही संपत नाही आणि बाकीचे तिघं उतरत्या पातळीबरोबर हळूहळू वाकत जातात. सॉल्व्हंट सिलिकाच्या खाली गेला की आत हवा शिरते, भेगा पडतात, पट्टे वाकडेतिकडे उतरतात आणि सगळं पुन्हा भरावं लागतं. स्टेजवर काच आणि सॉल्व्हंट अजिबात नको. पाऊण मीटरची पारदर्शक प्लास्टिकची नळी, रंगीत पाणी, खाली सलाइनच्या नळीचा चाप आणि बादली एवढं पुरे.

सूत्रधार:
आठ मिनिटांना ६०० ते ६५० शब्द लिहा, त्याहून जास्त नको. हशा वेळ खातो, आणि तो धरलाच नाही तर शेवट गुंडाळावा लागतो. पहिलं हसू अर्ध्या मिनिटात यायला हवं. दोन माइक चौघांत फिरवू नका, देवाणघेवाणीत विनोदाचा जीव जातो. माइक स्टँडवर ठेवा आणि बोलणाऱ्याने पुढे यावं. एक तालीम इतिहास किंवा मराठी विभागातल्या कुणासमोर करा. त्यांना जिथे कळत नाही तिथे मांडवाच्या फोटोसारखं एक वाक्य हवं.

मध्ये उखाणा चालेल, पण त्यात गाईडचं नाव घेऊ नका. नातं भलतंच होतं आणि सभागृह अवघडतं. यंत्राचं घ्या:

सिलिकाच्या कॉलमवर इथाइल ॲसिटेटची धार,
रोटाव्हॅपचं नाव घेते, रात्रीचे वाजले चार.

तळटीप:
दोन विषय मात्र जपून. पहिला पैशांचा. जेआरएफ ही केंद्राची अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे, पण त्याच सभागृहात राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांची अधिछात्रवृत्ती घेणारे असतात आणि काहीच न मिळणारेही. आकड्यावर हसवू नका. अंगठा दुखेपर्यंत बँकेचं ॲप उघडून बघणं सगळ्यांना आपलं वाटेल. दुसरा, कुणाची वर्षं मोजू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांत पीएचडीला सहा वर्षं आणि दोन वर्षांची मुदतवाढ आहे, महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. समोर बसलेल्या एखाद्याची ती मुदत खरोखर संपत आलेली असते.

प्लॅजरिझमच्या, म्हणजे प्रबंधातली उचलेगिरी तपासणाऱ्या, अहवालात मात्र भरपूर माल आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे ४०पर्यंत गेलं की सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं. प्रयोगाची कृती मात्र जगभर एकाच भाषेत लिहिली जाते, म्हणून सॉफ्टवेअर तिथे हमखास लाल होतं. 'मिश्रण खोलीच्या तापमानाला ढवळलं' हे चौघांनी चार तऱ्हांनी बदलून बघावं. शेवटचं 'द्रव्यांना परिसराच्या उबेत भोवंडलं' इथवर जाऊ द्या. गाईडचं पात्र हवंच असेल तर तेही यात कामाला लावा. पाचवी तऱ्हा तेच सुचवतील आणि हसू सगळ्यांचं मिळून होईल. संहिता विभागप्रमुखांना आठवडाभर आधी वाचायला द्या.

चंचुपात्र:
मनापासून आभार. एनएमआर आणि कॉलम दोन्ही घेतोय. फोन दीड मिनिटाचा आहे, नळी तेवढ्या वेळात कशी रिकामी करायची?

कॉलमवाला:
नळीवर मार्करने खूण करा, चाप थोडाथोडा सैल करत घड्याळ लावून चार-पाच वेळा बघा. चाप जमला की त्या जागी चिकटपट्टी लावून टाका. पातळी खाली येते तसा दाब कमी होऊन धार मंदावते, त्यामुळे शेवटची वीस सेकंदं ताणली जातात. मावशीचं "बरं, ठेवते हं... अगं, एक राहिलंच" तिथे ठेवा.