मदत हवी आहे: इन्सॅटच्या प्रतिमेत राख कुठली आणि वाळवंट कुठलं?

नमस्कार मंडळी. पुण्यात भूगोल शिकवतो. नोव्हेंबर 2025 मध्ये इथिओपियातल्या हेली गुब्बी ज्वालामुखीची राख आपल्याकडे कशी आली, ते विज्ञान मंडळाच्या मुलांना उपग्रहाच्या मूळ आकड्यांवरून दाखवायचं आहे. (आपल्या पायाखाली सगळा लाव्हाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वेताळ टेकडीवरून लोट काही दिसायचा नाही!)

उद्रेक 23 तारखेचा, लोट साधारण 14 किलोमीटर उंच गेला आणि 24 च्या रात्री वायव्य भारतावर होता. इन्सॅट-3डीएस या भारतीय हवामान उपग्रहाच्या फाइल्स मॉसडॅकवरून (इस्रोचं उपग्रहांच्या माहितीचं संकेतस्थळ) उतरवल्या. सुमारे 11 आणि 12 मायक्रॉन या दोन अवरक्त पट्ट्यांतलं ब्राइटनेस टेम्परेचर (उपग्रहाला मिळालेल्या प्रारणावरून काढलेलं तापमान) काढलं आणि 11 मधून 12 वजा केलं. राखेतले सिलिकेटचे कण 11 चं प्रारण जास्त शोषतात, पाण्याचे आणि बर्फाचे ढग 12 चं. म्हणजे फरक ऋण आला की राख, असं वाचलंय.

पण राजस्थानवर असा ऋण डाग 22 च्या रात्रीही दिसतोय, म्हणजे उद्रेकाच्या आधीच! दुपारी तो बराचसा जातो. अरबी समुद्रावर असलं काही नाही. खरी राख वेगळी कशी काढू? पायथन जमतं, विकतचं सॉफ्टवेअर नको.

ढगवेडा: सर, कोड बरोबर असणार. थरच्या वाळवंटातल्या वाळूतलं क्वार्ट्झ हेही सिलिकेटच. त्यात निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते आणि वरची हवा तिच्याहून उबदार राहते. 12 च्या पट्टीत बाष्पाचा वाटा जास्त, म्हणून ती उबदार हवा जास्त ‘पाहते’ आणि फरक ऋण होतो. वाळवंट रात्री राखेचं सोंग घेतं ते असं. उद्रेकाआधीच्या निरभ्र रात्रींची त्याच वेळेची सरासरी प्रत्येक पिक्सेलमधून वजा करा. मग अर्ध्या अर्ध्या तासाच्या प्रतिमा ओळीने लावा. वाळवंट जागचं हलत नाही, लोट वाऱ्याबरोबर सरकतो. वाळूचं वादळ असेल तर मात्र हा उपाय पुरणार नाही.

रात्रपाळी: हिंदी महासागरावरचा मेटिओसॅट-9 हा युरोपीय उपग्रह पण बघा. त्यात 8.7 मायक्रॉनची पट्टी आहे, इन्सॅटच्या इमेजरमध्ये ती नाही. ती धरून केलेल्या ‘ॲश आरजीबी’ चित्रात (पट्ट्यांच्या आकड्यांना लाल, हिरवा, निळा रंग देऊन केलेलं चित्र) सल्फर डायऑक्साइड हिरवा आणि राख लालसर गुलाबी दिसते. सेंटिनेल-5पी उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण हा वायू थेट मोजतं, पण सूर्यप्रकाशात आणि दुपारी दीडच्या आसपासच. आणि वायू दिसला म्हणजे राख आहेच असं धरू नका. दोन्ही वेगळ्या उंचीवर गेले की वारे त्यांना वेगळ्या दिशांना नेतात. भारतावर आलेल्या लोटात वायूच जास्त होता.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. सरासरी वजा केल्यावर डाग जवळपास गेला! आता प्रश्न असा, की किती ऋण फरकाला राख म्हणायचं?

ढगवेडा: एकच आकडा सगळीकडे चालत नाही, दमट हवेत तर अजिबात नाही. आधी समुद्रावर लोटाच्या आतले आणि बाहेरचे पिक्सेल घेऊन आलेख काढा, सीमा तिथेच दिसेल. आणि ज्वालामुखीच्या तोंडाजवळच्या पहिल्या काही प्रतिमांत फरक ऋण आला नाही तर घाबरू नका. तिथे लोट इतका दाट असतो की दोन्ही पट्ट्यांना त्याचा फक्त माथा दिसतो. मुलांना त्या माथ्याच्या तापमानावरून उंची काढायला लावा.