मदत हवी आहे : डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधातल्या घटकाचं नाव कसं मागायचं?

औषध कंपन्या डॉक्टरांना भेटवस्तू देतात असं ऐकलं की काही रुग्ण शुगरच्या गोळ्याच बंद करतात. कंपनीचं काही बिघडत नाही, साखर मात्र वाढते! औषध कंपन्यांसाठीच्या २०२४ च्या विपणन संहितेत अशा भेटवस्तूंवर बंदी आहे, पण सांगून पटत नाही.

गोळ्या बंद करण्यापेक्षा जनऔषधी केंद्रात त्याच घटकाचा स्वस्त जेनेरिक (ब्रँडनावाशिवायचा) पर्याय असतो. मात्र शेड्यूल एच (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या) औषधाचा चिठ्ठीवरचा ब्रँड दुकानदाराला परस्पर बदलता येत नाही (औषध नियमांतला नियम ६५). म्हणजे घटकाचं नाव डॉक्टरांनीच लिहायला हवं. मिलिग्रॅमसोबत ‘एसआर’ही (औषध हळूहळू सोडणारी गोळी) जुळलं पाहिजे. शुगरच्या मेटफॉर्मिन ५०० एसआरऐवजी साधी गोळी आली की अनेकांचं पोट बिघडतं, आणि बोभाटा होतो ‘जेनेरिक चालत नाही’ असा.

डॉक्टरांना न दुखावता हे कसं मागता? ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन-व्होग्लिबोज या तिहेरी गोळीचे घटक सुटे लिहून द्यायला कुणाचे डॉक्टर तयार झाले का?