दुसऱ्या खेपेला मुली तपासणीला का येत नाहीत

"एक बाळंतपण झालेलं असतं, म्हणून कोवळ्या वयातल्या आया दुसऱ्या वेळी तपासणी टाळतात," असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. वाघोलीकडच्या बांधकामांवर राहणाऱ्या मुलींशी बोलून बघा. कडेवर वर्षाचं पोर, पहिल्या वेळचं माता-बाल कार्ड गावाकडे राहिलेलं, आणि दवाखान्यात गेलं की दिवसाचा रोज बुडतो. त्यात अठराच्या आतली असेल तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक. नवरा आत जाईल या धास्तीने घरचेच तिला पाचवा-सहावा महिना उलटेपर्यंत दडवतात. नोंदणी खरं तर १२ आठवड्यांच्या आत व्हायला हवी!

आणि धोका दुसऱ्या वेळी कमी होत नाही हो. अंगातलं रक्त भरूनच आलेलं नसतं. बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा किमान २४ महिन्यांनी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

माझ्या मते खरी संधी पहिल्या बाळाच्या लसीकरणाची. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस असतात. तेव्हाच, सासू बाहेर असताना, तिच्याशी पाळणा लांबवणाऱ्या तांबी (गर्भाशयात बसवायचं साधन) आणि अंतरा (दर तीन महिन्यांनी घ्यायचं) इंजेक्शनबद्दल बोलावं. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तेही तेव्हाच सांगून ठेवावं.