गाडीवर कर्ज काढून बाकीची देणी मिटवणं: बँकेला शेंडी की स्वतःलाच?

हिशोबनीस
काल निवांत_निगडी यांची पोस्ट वाचली आणि उत्तर तिथेच द्यायला घेतलं, पण ते लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: साहेबांच्या गाडीच्या कर्जाचे 2 लाख 80 हजार बाकी होते (दीड वर्ष, 9 टक्के). पर्सनल लोनचे 2 लाख 40 हजार (दोन वर्षं, 16 टक्के). क्रेडिट कार्डावर 1 लाख 60 हजार. सगळं मिळून महिन्याला 36,400 जायचे. आता एका फायनान्स कंपनीने त्याच गाडीवर 7 लाख दिले, 14 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. तिन्ही देणी मिटली, एकच हप्ता, 16,300. शेवटी लिहिलंय, "बँकांना शेंडी लावायची असेल तर डोकं लागतं."

शेंडी कुणाला लागली ते बघू. गाडीच्या जुन्या कर्जाचं उरलेलं व्याज होतं साधारण 20,400. तेच 2 लाख 80 हजार आता 14 टक्क्यांनी पाच वर्षं फिरणार, व्याज 1 लाख 11 हजार. पर्सनल लोनचा दर 16 वरून 14 झाला म्हणून खूश आहात, पण मुदत दोनाची पाच झाली. उरलेलं व्याज 42 हजार होतं ते 95 हजार झालं. दर उतरला आणि व्याज दुपटीच्या वर गेलं, हे ज्याला खटकत नाही त्याने कृपया इतरांना सल्ले देऊ नयेत. प्रोसेसिंग फी 2 टक्के धरली तर जीएसटीसकट 16,520. म्हणजे 7 लाखांतले वरचे 20 हजारही हातात आले नसणार.

हप्ता कमी होणं ही बचत नव्हे. नुसती मुदतवाढ आहे, तीही विकत घेतलेली.

निवांत_निगडी
आमचीच पोस्ट धरून आम्हालाच सोलून काढलंत, आभारी आहे. आता तुमच्या एक्सेलमध्ये नसलेल्या गोष्टी ऐका. हातात येणारा पगार 62 हजार. त्यातून 36,400 गेल्यावर भाडं, किराणा, पोरीची फी आणि आईची औषधं. दोन महिने पर्सनल लोनचा हप्ता बाऊन्स झाला होता. तुम्ही 2030 सालचं व्याज मोजताय, मी पुढच्या पाच तारखेचं बघत होतो.

आणि कार्डाचा हिशोब सोयीस्कर गाळलात तो मीच देतो. महिन्याला 3.5 टक्के. 1 लाख 60 हजारांवर व्याज 5,600, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,008. मी किमान रक्कम म्हणून 8,000 भरायचो, त्यातले मुद्दलात जायचे जेमतेम 1,400. यातून सुटलो तर चूक केली का?

हिशोबनीस
कार्डाचं मान्य, तिथे वाद नाहीच. 8,000 भरत राहिला असता तर दीड वर्षात 1 लाख 44 हजार भरून झाल्यावरही सव्वा लाखाच्या आसपास देणं शिल्लक राहिलं असतं. पण मग फक्त कार्डच हलवायचं होतं ना! 1 लाख 60 हजार, अगदी 18 टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी घेतले असते तर हप्ता बसतो 7,988. म्हणजे जे 8,000 तुम्ही भरतच होता त्याच पैशांत दोन वर्षांत कार्ड संपलं असतं. त्यासाठी 9 टक्क्यांचं, संपत आलेलं गाडीचं कर्ज 14 वर नेऊन पाच वर्षं ताणायचं काय कारण?

नगरी_टेंपो
कारण ते 18 टक्क्यांचं कर्ज देतंय कोण? दोन हप्ते बाऊन्स झाल्यावर सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) काढून बघा, मग बँकेच्या दारात जा. साहेब लोक चहासुद्धा विचारत नाहीत. गाडी असली की सगळे बोलतात. आमच्या धंद्यात गाडीवर पैसे उचलणं नवीन नाही. बोजा (गाडीच्या कागदांवरची कर्जाची नोंद) उतरला की इंजिन कामाला, टायरला, नाहीतर बहिणीच्या लग्नाला पुन्हा बोजा चढतो. हिशोबनीस साहेबांचं गणित बरोबर आहे, पण ते ज्याला गरज नाही त्याच्यासाठी बरोबर आहे.

सीए_नाशिकरोड
दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतंय, पण मूळ मुद्दा कुणीच काढला नाही. कार्डाचं देणं विनातारण असतं. थकलं तर फोन येतात, सिबिल जातं, नोटीस येते. गाडीवर घेतलं की तेच देणं चारचाकीला बांधलं गेलं. तीन हप्ते थकले की गाडी ओढून नेणार. काल जे देणं फक्त त्रास देऊ शकत होतं, ते आज वस्तू उचलून नेऊ शकतं.

गंमत बघा. 16 नोव्हेंबर 2023 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की गाडीसारख्या किंमत घसरत जाणाऱ्या वस्तूवर दिलेलं टॉप-अप (चालू कर्जावर वाढवून दिलेलं) कर्ज बँकांनी आपल्या हिशोबात विनातारण धरायचं. म्हणजे देणाऱ्याने त्या तारणावर विसंबायचं नाही, पण घेणाऱ्याची गाडी मात्र जाऊ शकते. यावरून काय ते ओळखा.

कोकणी_फणस
गाडी ओढायचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझ्या चुलतभावाची गाडी भर बाजारात चौघांनी थांबवली, बायको-मुलं आत. किल्ली काढून घेतली. एकच हप्ता मागे होता, आणि तोही दुसऱ्या दिवशी भरणार म्हणून फोनवर सांगितलेलं. गुंडगिरी करून गाडी ताब्यात घेता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सुनावलंय. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. पाळतं कोण? आणि कार्डावर 30 टक्क्यांच्या वर व्याज नको हा ग्राहक आयोगाचा 2008 चा निकाल, तोही डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. सामान्य माणसाने जायचं कुठे?

सीए_नाशिकरोड
तुमचा संताप समजतो, पण निवांत यांनी गाडीवर कर्ज घ्यावं की नाही याला त्याचा काय उपयोग?

कोकणी_फणस
तुम्हाला फी मिळते म्हणून शांत बोलता येतं.

शाळामास्तर
एवढा गदारोळ कशाला? पगारदारांची पतसंस्था नावाची गोष्ट महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. आमच्या शिक्षक पतसंस्थेत कर्ज मिळतं, कपात थेट पगारातून, वर्षअखेरीस लाभांश वेगळा. सिबिल वगैरे भानगड मोठी नाही, दोन जामीनदार सहकारी आणा, सही करा, झालं. नव्या पिढीला अॅपवर बोट फिरवायचं आणि मग रडायचं.

रमाबाई_कॉर्नर
"दोन जामीनदार आणा, सही करा, झालं." मास्तर, हे "झालं" कुणाचं झालं ते विचारा की. माझ्या नवऱ्याने धाकट्या दिराला अशीच सही दिली. दीर साहेबांनी नोकरी सोडली, धंदा काढला, धंदा बसला. कपात कुणाच्या पगारातून सुरू झाली? आमच्या. माझ्या पोराच्या बारावीच्या वर्षी. दिराच्या घरी त्याच साली नवा टीव्ही आला.

शाळामास्तर
ताई, तो माणसाचा दोष आहे, पतसंस्थेचा नव्हे. माणूस पारखून जामीन राहावं.

रमाबाई_कॉर्नर
सख्खा भाऊ होता. अजून किती पारखायचा?

सीए_नाशिकरोड
कायद्याने सांगायचं तर करार कायदा 1872, कलम 128. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं अशी सक्ती नाही. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघतो तो जामीनदारावरही. मात्र तुम्ही जे भरलंत ते कलम 145 नुसार मूळ कर्जदाराकडून, म्हणजे दिराकडून, वसूल करता येतं.

रमाबाई_कॉर्नर
हो का? भाऊबीजेला ओवाळताना ताटात नोटीस ठेवू का?

नगरी_टेंपो
😂 ताईंना आपला पाठिंबा. मी गाडीवर कर्ज काढतो ते याचसाठी. बुडलो तर माझी गाडी जाईल, कुणाच्या बायकोचे शिव्याशाप लागणार नाहीत. फायनान्सवाला सलाम करत येतो, पाहुण्याच्या दारात मला उभं राहावं लागत नाही. या गोष्टीची किंमत दोन-चार टक्के जास्त असेल तर असू दे.

शाळामास्तर
म्हणजे सहकार चळवळ बंद करून सगळ्यांनी फायनान्स कंपन्यांचे पाय धरावेत असं म्हणणं आहे का? विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ यांनी ज्या नगर जिल्ह्यात सहकार रुजवला, तिथल्या माणसाने हे बोलावं?

नगरी_टेंपो
मास्तर, त्यांना यात ओढू नका. त्यांनी साखर कारखाना उभा केला, माझ्या टेंपोला जामीनदार नाही दिले. आणि नगर जिल्ह्यातच पतसंस्थांत ठेवी अडकलेली माणसं किती आहेत ते विचारा गावात. माझे वडील त्यातलेच. म्हातारपणाच्या पैशांसाठी हेलपाटे घालून चपला झिजल्या.

शाळामास्तर
चार संस्था बुडाल्या म्हणून चारशे वाईट होत नाहीत. तुमच्या फायनान्सवाल्यांचं काय सांगता? आमची संस्था अजून एका सभासदाची गाडी ओढायला गेलेली नाही.

रमाबाई_कॉर्नर
गाडी नाही ओढत. घर पोखरते.

हिशोबनीस
धागा गाडीच्या कर्जावर आहे, याची नम्र आठवण. निवांत साहेब, तुमच्या करारात मुदतीआधी पैसे भरायची सोय काय आहे? एक शक्यता आहे जिच्यात तुमचा निर्णय चांगला ठरू शकतो. हप्ता 16,300 असला तरी पूर्वीइतके 36,400 भरत राहिलात तर हे 7 लाख 22 महिन्यांत फिटतात आणि व्याज लाखाच्या आत राहतं.

निवांत_निगडी
36,400 भरता आले असते तर ही उठाठेव केलीच नसती, हे आत्तापर्यंत निदान चारदा लिहून झालं. पहिल्या वर्षी पार्ट पेमेंट नाही. नंतर वर्षातून एकदा, तेही उरलेल्या मुद्दलाच्या 25 टक्क्यांपर्यंत. पूर्ण बंद करायचं तर 5 टक्के दंड.

हिशोबनीस
म्हणजे दारं बंद करून घेतलीत. गाडीची कर्जं बहुतेक ठरलेल्या दराची असतात, म्हणून हा दंड लावता येतो. वैयक्तिक कारणासाठी बदलत्या दराचं कर्ज असतं तर तो घेता आला नसता.

कोकणी_फणस
14 टक्के फ्लॅट आहे (व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर) का रिड्युसिंग (उरलेल्या मुद्दलावर), हे तरी विचारलंत का? हे लोक 8 टक्के म्हणून गळ्यात मारतात आणि पाच वर्षांत ते 14 च्या वर जातं.

निवांत_निगडी
एवढा मूर्ख समजू नका. फ्लॅट 14 असतं तर हप्ता 19,833 आला असता. माझा 16,288 आहे, घ्या कॅल्क्युलेटर. की फॅक्ट स्टेटमेंटही (कर्जाचा दर, फी, अटी एका कागदावर) घेतलंय, 1 ऑक्टोबर 2024 पासून ते द्यावंच लागतं. त्यात फी धरून वार्षिक दर 15 च्या थोडा वर आहे.

हिशोबनीस
हे पोस्टमध्ये 14 लिहिण्याऐवजी लिहिलं असतंत तर मी निम्मा चिडलो असतो. बाकी स्टेटमेंट मागून घेतलंत हे चांगलं केलंत, इथले बरेच लोक सही करतानाही वाचत नाहीत.

दोनचाकी_सुखी
एक बाळबोध प्रश्न. गाडीच विकली असती तर? बाजारात नऊ-दहा लाख आले असते ना? सगळं देणं साफ, वर दोन-तीन लाख हातात. पिंपरीहून हिंजवडीला कंपनीची बस जाते.

निवांत_निगडी
आईला डायलिसिसला आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं. बसने नेऊ?

दोनचाकी_सुखी
माफ करा, हे माहीत नव्हतं. पण त्यासाठी एसयूव्हीच लागते असंही नाही. जुनी छोटी गाडी तीन लाखांत मिळते.

निवांत_निगडी
लागत नाही. चार वर्षांपूर्वी साडूने घेतली म्हणून घेतली. खूश?

सीए_नाशिकरोड
कामाचं बोलतो, मग तुम्ही भांडा. जुन्या बँकेची एनओसी (देणं फिटल्याचं ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 मिळालाय का? तो आरटीओत जाऊन जुना बोजा उतरला पाहिजे आणि नव्या कंपनीचा फॉर्म 34 ने चढला पाहिजे. हे एजंट करेल म्हणून सोडू नका. आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) जुन्या बँकेचं नाव तसंच राहिलं तर गाडी विकताना आणि अपघाताच्या क्लेमला अडकाल, कारण टोटल लॉसचे पैसे आधी आरसीवरच्या फायनान्सरला जातात. आणि महत्त्वाचं म्हणजे कार्ड बंद केलंत का?

निवांत_निगडी
एनओसी आलीय, फॉर्मचं उद्या विचारतो. कार्ड कपाटात आहे. मर्यादा त्यांनी आपणहून दोन लाखांवर नेलीय, कालच मेसेज आला.

हिशोबनीस
आता कात्री घ्या. यावरही वाद घालायचा असेल तर तुमचं तुम्ही बघा.

नगरी_टेंपो
बंद करू नका, मर्यादा 20 हजारांवर आणून ठेवा. जुनं कार्ड गेलं की सिबिल अजून खाली येईल, मग पुढच्या वेळी गाडीवरसुद्धा 18 टक्के सांगतील.

हिशोबनीस
"पुढच्या वेळी"??

शाळामास्तर
रमाबाई, एक राहिलं. पतसंस्थेच्या सभेत जामीनदाराला आधी कळवण्याचा ठराव मी स्वतः मांडला होता, मंजूरही झाला. सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका.

रमाबाई_कॉर्नर
कळवून कपात थांबली का?