‘धिस इज हाऊ यू लूज द टाइम वॉर’ : अर्ध्यावर सोडलेल्यांना पुन्हा वाचायला कसे लावावे?

मांडवीकाठ (पणजी)

नमस्कार. आमच्या वाचक मंडळाने जुलैच्या बैठकीसाठी अमल एल-मोहतार आणि मॅक्स ग्लॅडस्टोन यांची २०१९ सालची ही छोटी इंग्रजी कादंबरी निवडली असून चर्चेला सुरुवात करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पुस्तक जेमतेम दोनशे पानांचे आहे, त्याला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळालेले आहेत, तरीही निम्म्या सभासदांनी ते सुरुवातीच्या काही प्रकरणांतच मिटून ठेवले. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे, की युद्ध कशासाठी चालले आहे आणि ही पात्रे काळातून मागेपुढे जातात ती नेमकी कशी, यांतले काहीच लेखक सांगत नसतील तर याला विज्ञानकथा का म्हणायचे? दुसऱ्या एक सभासद मात्र त्यातली पत्रे वहीत उतरवून घेत आहेत. मला स्वतःला पुस्तक मनापासून आवडले आहे आणि ते इतरांपर्यंत पोहोचावे असे वाटते. सभासदांना ते कसे वाचायला सांगावे, आणि सोबत मराठीतले काय द्यावे? आमच्यापैकी बहुतेकांचे घरचे बोलणे कोकणी आणि वाचन मराठी. इंग्रजी ललित वाचनाची सवय थोड्यांनाच आहे.

पानगळ_म्हापसा

आपल्या ज्येष्ठ सभासदांची अडचण खरी आहे आणि ती बैठकीत आधी मांडू द्यावी. आपण मराठी वाचक विज्ञानकथा वाचायला शिकलो ते मुख्यतः जयंत नारळीकरांकडून. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आठवून पाहा. पानिपतावर विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले अशा वेगळ्याच इतिहासात गंगाधरपंत जाऊन पडतात, पण परत आल्यावर राजेंद्र देशपांडे त्यांना पुंजसिद्धान्ताच्या (क्वांटम थिअरीच्या) आधारे हे कसे घडू शकते ते समजावून सांगतो, आणि वाचकाचे समाधान होते. या पुस्तकात राजेंद्र नाही. काळाच्या असंख्य पेडांची वेणी आहे, एक पक्ष यंत्रांचा आणि दुसरा वनस्पतींचा आहे, दोघांचे हस्तक त्या पेडांत शिरून इतिहास आपल्या बाजूला वळवतात, एवढेच कळते. माझा सल्ला असा, की नारळीकरांची ती गोष्ट आधी सर्वांनी वाचावी. कथा लहान आहे, अर्ध्या तासात होते, आणि एकाच कल्पनेकडे दोन लेखक किती वेगळ्या हेतूने जातात हे त्यातून समोर येईल.

वलय_फोंडा

मी थोडे सविस्तर लिहितो, कारण हे पुस्तक सोडून देणारे बहुतेक वाचक एकाच ठिकाणी अडतात असा माझा अनुभव आहे. रेड आणि ब्लू या दोन शत्रुपक्षांच्या हस्तक, एकमेकींना चोरून पत्रे लिहिणाऱ्या. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला दोघींपैकी एकीची एखादी कामगिरी येते, वर्तमानकाळात, तुटक आणि प्रतिमांनी गच्च भरलेल्या गद्यात. तिथे कोण, कुठे, कोणत्या शतकात हे शोधत बसणारा वाचक दमतो. त्याने थेट प्रकरणाच्या शेवटी येणाऱ्या पत्रावर जावे आणि मग मागे यावे. कादंबरीचा जीव पत्रांत आहे.

पहिलेच पत्र पाहा. रणभूमीवर प्रेतांच्या खचात रेडला एक कागद सापडतो आणि त्यावर सूचना असते, की वाचण्याआधी जाळून टाकावे. शत्रूचा डाव असण्याचीच शक्यता अधिक, हे जाणूनही ती कागद पेटवते आणि पत्र वाचते. यापुढची पत्रे कधी पाण्यात, कधी झाडाच्या खोडातल्या वलयांत, कधी बियांत दडवलेली असतात. वलयांत पत्र लिहायचे म्हणजे ते झाड वाढत असतानाच, वर्षानुवर्षे, ते लिहिले जाणार. आणि वाचणारीला ते झाड तोडल्यावाचून मजकूर दिसणार नाही. वरिष्ठांची नजर असल्यामुळे पत्र जपून ठेवणे हाच गुन्हा, त्यामुळे वाचणे आणि नष्ट करणे या दोन गोष्टी बहुधा एकदमच घडतात. काळप्रवासाचे यंत्र लेखकांनी दाखवले नाही, पण एका पत्राला किती वेळ आणि किती धोका लागतो ते मात्र अगदी बारकाईने दाखवले आहे, आणि माझ्या मते या पुस्तकातले विज्ञान आणि अद्भुत जिथे एकजीव होतात ती जागा हीच.

रेडची प्रकरणे ग्लॅडस्टोन यांनी आणि ब्लूची एल-मोहतार यांनी लिहिली आहेत. बैठकीत दोन सभासदांनी पहिली चार-पाच पत्रे आळीपाळीने मोठ्याने वाचावीत. उपरोध, फुशारकी, मग हळूहळू येणारी ओढ, हे सारे आवाजात लगेच कळते.

सांजवेळ_काणकोण

मराठी जोडवाचनासाठी जी. ए. कुलकर्णी यांचे १९७५ सालचे ‘रमलखुणा’ सुचवते. त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत. नकाशावर न सापडणारा प्रदेश, अनोळखी नावे, आणि कशाचाही खुलासा न करता पुढे जाणारे गद्य, हे सगळे आपल्या भाषेत पन्नास वर्षांपूर्वीच येऊन गेले आहे. ‘इस्किलार’ ज्यांनी धीराने वाचली त्यांना रेड आणि ब्लू यांचे जग परके वाटणार नाही. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात चौकशी करून पाहावी.

वलय यांच्याशी एका बाबतीत मात्र मी सहमत नाही. पुस्तकाच्या उत्तरार्धात दोघींची पत्रे इतकी सारखी वाटू लागतात, की नाव झाकले तर कोण लिहिते आहे ते सांगणे कठीण जाते. हे प्रेमामुळे जाणूनबुजून केले आहे असे समर्थन ऐकले आहे, पण मला ती उणीव वाटते आणि बैठकीत तिच्यावर मोकळेपणाने बोलले जावे.

मांडवीकाठ (पणजी)

सर्वांचे मनापासून आभार. पहिला अर्धा तास ‘गंगाधरपंतांचे पानिपत’, नंतर पत्रांचे प्रकट वाचन, आणि शेवटी सांजवेळताईंचा आक्षेप, असा क्रम ठरवते आहे. उतारे वहीत घेणाऱ्या सभासदांनाच ब्लूची पत्रे वाचायला सांगेन. ‘इस्किलार’ ऑगस्टसाठी ठेवावी असे वाटते, कारण एकाच बैठकीत दोन्ही घेतली तर जी. एं.ना न्याय मिळणार नाही. प्रकरणांच्या शेवटी पत्रांचे अवशेष गोळा करीत जाणारी जी अनामिक व्यक्ती येते, तिच्याविषयी इथे कोणी लिहिले नाही हे फार चांगले झाले. पुस्तक अर्ध्यावर सोडलेले सभासद हा धागा वाचत आहेत.